सदलगा ते कल्लोळ : दूधगंगेच्या काठानं शिंपल्यांच्या मागावर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि मावसभाऊ बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतून निघालो ते एका फोटोपायी. फोटोत गोड्या पाण्यातला, वस्तऱ्याच्या पात्यासारखा लांबट शिंपला होता. भाऊ म्हणाला, असला शिंपला मी लहानपणी दूधगंगेत बघितलाय. मी म्हणालो, शक्यच नाही. हरेल त्यानं चिक्कोडीत नाष्टा द्यायचा, अशी पैज लागली.

मला खात्री होती, कारण फोटोतली ती नोव्हाक्युलिना नावाची शिंप. बेन्सन नावाच्या इंग्रजानं १८३० साली गंगेतल्या जातीचं वर्णन केलं तेव्हाचं हे नाव. लॅटिनमध्ये नोव्हाक्युला म्हणजे वस्तराच. तिचं सगळं खानदान खाऱ्या पाण्यातलं, हीच एक शाखा नदीत येऊन राहिली. गंगेच्या मुखाकडं, जिथवर भरती पोचते तिथल्या गाळात ती उभी शिरून राहते. म्यानमार, थायलंड, चीनमध्ये तिचे भाऊबंद आहेत. २०१८ साली म्यानमारमधून आणखी एक नवी जात नोंदली गेली. आपल्या कृष्णा-दूधगंगेत भरती कुठली येणार? मग भावानं बघितलं ते काय, एवढंच आता शोधायचं होतं.

बेडकिहाळमार्गे सदलग्याला पोचलो. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, त्यामुळं वरच्या अंगाला पाणी तुडुंब. तिकडं जाऊन उपयोग नाही, तळच दिसत नाही. आम्ही खालच्या अंगाला उतरलो. काठावर फुटक्या शिंपांचा खच बघून भाऊ खूश झाला. जाळं सोडवत बसलेले एक मामा आमच्याकडं बघत होते.

"काय हुडकायला लागलाय?"

"शिंपा, मामा."

"त्या मेलेल्या हाईत की. पुरानं आणून टाकल्यात. जित्त्या पायजेत तर वाळू संपून चिखल लागतो तिथं बघा."

मामांचं ऐकलं आणि अर्ध्या तासात जमलं. गुडघाभर पाण्यात तळावर बोटानं ओढल्यासारखी एक वाकडीतिकडी रेघ दिसली. रेघेच्या टोकाला शिंपला, दोन तृतीयांश गाळात रुतलेला, वर फक्त मागचं टोक. त्या टोकाला बारीक झालरीची फट, तिथून तो पाणी आत घेतो, गाळून खातो आणि सोडतो. माझी सावली पडली तशी फट मिटली. जागचा न हलता दहा मिनिटं उभा राहिलो, तेव्हा हळूच उघडली. रेघ त्याच्या पायाची. पाचरीसारखा मांसल पाय गाळात रोवून तो अंग पुढं ओढतो.

तो लॅमेलिडेन्स नावाचा शिंपला. लांबट, पातळ, बाहेरून काळपट तपकिरी, आत मोत्यासारखी झाक. भावानं काठावरची एक शिंप हातात घेतली आणि गप्प झाला. त्याच्या आजीकडं असलीच होती, पाठ दगडावर घासून मधोमध भोक पाडलेली. त्या भोकाच्या धारेनं ती कैरी सोलायची. म्हणजे वस्तरा त्यानं बघितला होता खरा, फक्त तो आजीनं केलेला होता.

त्याशिवाय वाळूत बोटाच्या पेराएवढ्या, आडव्या रेघांच्या पिवळसर शिंपा, कॉर्बिक्युला, ढिगानं मिळाल्या. आखूड, जाड कवचाचा पॅरेसिया शिंपला मात्र एकच, तोही रिकामा.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. लॅमेलिडेन्सची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून वाढतात आणि मग तळाला उतरतात. मासा वर गेला तर शिंपला वर जाणार. बंधाऱ्याला मासा अडला की त्याचीही वाट तिथंच थांबते.

पुढं कल्लोळला गेलो. इथं दूधगंगा कृष्णेला मिळते. पात्र मोठं, काठ निसरडे. माझी डावी चप्पल तिथल्या चिखलात गेली ती गेलीच. घोट्याला पट्टा असलेले सँडल घाला, अनवाणी तर अजिबात उतरू नका. फुटकी शिंप ब्लेडसारखी कापते. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा गढूळ पाण्यात पाय घालू नका आणि स्थानिकांना विचारल्याशिवाय तर काठालाही बसू नका. दूधगंगेतसुद्धा आधी विचारूनच उतरा.

जायचं तर जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात नको; कल्लोळ-येडूरसारखे खालचे पूल-बंधारे पाण्याखाली जातात आणि मोठा वळसा पडतो. उन्हाचा चष्मा पोलराइज्ड असला तर तळ स्वच्छ दिसतो. ऊन तिरकं असताना, म्हणजे नऊच्या आत पोचा. कानडीत विचारायचं झालं तर 'चिप्पु' म्हणा, लगेच कळतं. जिवंत शिंपला उपटू नका. बघायला काढलाच तर होता तसाच, तेच टोक वर ठेवून परत रोवा. घरी न्यायला मेलेल्या भरपूर आहेत.

चिक्कोडीत पोहे आणि दोन-दोन चहा झाले. बिल कुणी द्यायचं यावर बराच वेळ गेला, कारण भावाच्या मते पैज बरोबरीत सुटली होती.