नवव्या प्रकरणातले बैल

सरांची कादंबरी इंदापूरकडच्या एका गावाची. १८७६ चा दुष्काळ, वीस वर्षांनी १८९६ चा, लागोपाठ प्लेग आणि १८९९ ला पुन्हा दुष्काळ. कागदपत्रं धुंडाळून लिहिलेली. १८७७ मध्ये दुष्काळी कामावरची मजुरी कापली तेव्हा खडी फोडणारे लोक काम टाकून उठले, ते प्रकरण तर अंगावर येणारं. तरी संपादक म्हणून मला काहीतरी खटकत होतं. ते नेमकं काय, हे सर समोर बसले तेव्हाच सापडलं.

"सर, नवव्या प्रकरणात हे बैल आले कुठून?"

"कुठून म्हणजे? घरचेच."

"सहाव्यात विकले ना? वैरण नाही म्हणून, पडेल भावानं."

सर पानं उलटू लागले. मी कोरा कागद ओढला आणि रकाने पाडले : बैल, बियाणं, भांडी, दागिने, गहाण जमीन, राबते हात. प्रत्येक संकटानंतर त्या घरात काय उरलं ते लिहीत गेलो. संध्याकाळपर्यंत तेवढंच केलं. १८९६ ला पाऊस मधेच उघडला, रब्बीचा जोंधळा गेला, बैल गेले. मुंबईच्या गिरणीतून धाकट्याचे पैसे यायचे, तर प्लेगानं तोच परत आला. म्हणजे आधार गेला आणि खाणारं तोंड वाढलं. १८९९ चा दुष्काळ या घरावर आला तेव्हा विकायला काहीच नव्हतं. सरांनी मात्र तो पहिल्याइतक्याच भरल्या घरावर आणला होता. मला वाटतं, लागोपाठच्या संकटांबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथंच चुकतात. दुसरा घाव पहिल्याच जखमेवर बसतो.

पण कागदावर एक गोष्ट मावेना. आजी. १८७७ मध्ये खडी फोडलेली, दोन लेकरं गमावलेली. तिच्याकडे काही उरलं होतं, ते कुठल्या रकान्यात घालायचं?

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला ठाऊक आहे. अंगात त्राण आहे तोवरच कामावर जायचं. मागच्या खेपेला माणसं घरदार धरून बसली आणि मोडल्यावर निघाली."

"मग ती १८९६ ला काय करते?"

"कणसात दाणा भरत नाही असं दिसताच सुनेला दुष्काळी कामावर जायला घराबाहेर काढते. सगळा गाव नावं ठेवतो. आणि बियाण्याचं गाडगं चुलीमागं पुरते, पोरांनासुद्धा कळू देत नाही."

हस्तलिखितात यातलं अक्षरही नव्हतं. सरांनी तिथंच पेन मागून घेतलं. सहावं प्रकरण आता सासू-सुनेच्या त्या भांडणापासून सुरू होईल, प्लेगाचं प्रकरण अर्धं होईल. नवव्यातले बैल मी तांबड्या शाईनं खोडले, आणि त्या गाडग्याचं १८९९ ला काय होतं ते सर पुढच्या महिन्यात लिहून आणणार आहेत.