हिरडीतून रक्तात
फोंड्याच्या दंतवैद्यांनी आईच्या हिरडीत बारीक खुणांची सळई अलगद सरकवली आणि ‘सहा’ असा आकडा सांगितला. म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट सहा मिलिमीटर खोल होती. निरोगी हिरडीत ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंतच असते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूला प्राणवायू मानवत नाही, म्हणून तो अशाच खोल फटीत वस्ती करतो, केसासारख्या तंतूंनी पेशींना चिकटतो, आत शिरतो आणि जिंजिपेन नावाच्या विकरांनी आसपासची प्रथिने तोडतो. त्याला रक्तातील लोहयुक्त हीम लागते. म्हणजे रक्ताळलेली हिरडी हे त्याचे आयते ताटच. त्याच जखमेतून, नुसते दात घासतानाही, जिवाणू रक्तप्रवाहात उतरतात. धमन्यांत साचलेल्या चरबीच्या थरांत त्यांचा डीएनए सापडला आहे, मात्र हृदयविकार त्यांच्यामुळेच होतो असे सिद्ध झालेले नाही. आई मात्र रक्त दिसले की ब्रश ठेवून आंब्याचे पान घेत असे.