चारशे पानांतलं अर्धं पान
पुण्यातल्या एका प्रकाशनासाठी मी इंग्रजी पुस्तकं वाचून अभिप्राय देतो, मराठीत आणावं की नको एवढंच, दोन पानांत. मानधन विचारू नका. मागच्या आठवड्यात मॅडमनी चारशे पानांची कादंबरी पाठवली, 1870 चं फ्लॉरेन्स आणि तिथे घरं करून राहिलेली इंग्रज मंडळी. वर निरोप, "तुमच्या कोल्हापूरचे महाराज आहेत यात, बघा."

मग काय, हातातलं सगळं बाजूला. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय जेमतेम वीस, दहन आर्नो नदीच्या संगमावर झालं आणि कशिने बागेत त्यांची छत्री अजून उभी आहे, आमच्याकडे हे पोराटोरांना माहीत असतं (असायला पाहिजे).

तीनशे पानं नुसता चहा. पाद्री, जलरंग, एकीचं मोडलेलं लग्न. अहो, तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, गावाचा तट पाडून रुंद रस्ते काढत होते, सप्टेंबरात इटलीचं सैन्य रोममध्ये घुसलेलं, आणि ह्या बायकांच्या झालरीला साधी धूळ लागत नाही!

माझी एक खोड आहे, संवादाचं एखादं पान मराठीत करून बघतो. इंग्रजीत एका 'यू'वर सगळं भागतं, मराठीत तू का तुम्ही ते ठरवावंच लागतं. इथे बाई आणि तिची इटालियन मोलकरीण वीस वर्षं एका घरात, तरी तासभर ठरेना, कारण एका पानावर दोघी जिवलग आणि पुढच्याला ओळखपण नाही. लेखकालाच नातं माहीत नसलं की हे असं होतं.

महाराज पान 341 वर. अर्धं पान. खिडकीतून धूर, न कळणारे मंत्र, नायिकेला चक्कर, संपलं. नाव नाही, नुसता 'इंडियन प्रिन्स'. संगम बागेच्या पार टोकाला, गावापासून कोसभर, खिडकीतून काय कप्पाळ दिसणार? आणि महाराजांची त्या प्रवासाची डायरी 1872 लाच लंडनला छापून आलीय, ती उघडली असती तरी माणूस दिसला असता.

अभिप्राय दिला, नको. दुपारी मॅडमचा फोन, "कादंबरी फसलीय म्हणून नको, की महाराजांना अर्धंच पान दिलं म्हणून?"

"कादंबरी फसलीय म्हणून," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि पाठवलेला मेल उघडून बघितला तर तू-तुम्हीबद्दल एक ओळ होती, आणि पान 341 वर सव्वा पान.