मिरग, अगस्ती आणि बुडालेली बोट

विजयदुर्गच्या अलीकडे, सड्याच्या कडेला आमची थोडी कलमं आहेत. यंदा राखणीला गडी मिळाला नाही, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि तात्या, माझे चुलते, रात्री तिथेच. बँकेतून निवृत्त झाल्यावर काय करणार, असं सगळे विचारायचे. उत्तर हे: कातळावर सतरंजी टाकून, बॅटरी उशाशी घेऊन पडायचं.

अमावास्येची रात्र. साडेनऊला दक्षिणेपासून जरा पश्चिमेकडे, समुद्राच्या मूठभर वर एक पिवळसर दिवा लुकलुकत होता. ट्रॉलर, मी म्हटलं. हल्ली क्षितिजावर बोटींचा एवढा झगमगाट असतो की चूक माझ्या एकट्याची नाही. पण दिवा बाजूला सरकायचं सोडून खाली यायला लागला. दहा वाजून गेल्यावर तो पाण्यालगतच्या धुरकटात दिसेनासा झाला.

"तात्या, बोट बुडाली!"

तात्या उठलेसुद्धा नाहीत. "बोट न्हय ती, अगस्ती तो. रोज बुडता."

अगस्त्य. रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल तेजस्वी, आणि माझ्या साठ वर्षांत मी त्याला ओळखलेलं नाही! मुळात तो पांढराच, पण क्षितिजाजवळची जाड हवा त्याला पिवळा करते. आमच्याकडे तो फार तर वीस अंश वर येतो. हात लांब करून धरलेल्या दोन मुठी. दिल्लीत याच्या निम्माही नाही. अंतर सुमारे ३१० प्रकाशवर्षं. म्हणजे मी ट्रॉलर समजलो तो उजेड निघाला तेव्हा याच पाण्यात कान्होजी आंग्र्यांची गलबतं फिरत होती. समुद्र प्यालेल्या ऋषीला रोज समुद्रच गिळतो, हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "झोप आता."

झोप कसली. पुढच्या तीन रात्री हाच उद्योग. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची, म्हणजे त्रिकांड बाणाची, रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला लालसर रोहिणी. मृगाच्या चौकटीत तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य समोरासमोर. पूर्वेला सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती, आणखी पुढे चित्रा. स्वातीला पाहून उगाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. नाव लहानपणापासून तोंडात होतं, चेहरा आता कळला.

रोहिणीचं, मृगाचंही तेच. आजी पाऊस नक्षत्रांवरच मोजायची. मिरग लागला की पेरण्या, बाकी हवामान खातं वगैरे नंतर. पण ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. तात्यांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदाच उठून बसले.

"म्हंजे मिरग लागता तेवा मिरग दिसणाच नाय?"

"नाही. ढग नसले तरी नाही. तेव्हा तो सूर्याबरोबर दिवसा उगवतो नि मावळतो."

ते बराच वेळ गप्प. चौऱ्याहत्तर पावसाळे काढलेत त्यांनी.

"मगे आताच बघून घेवया."

मृग पश्चिमेला समुद्राकडे कलला होता. तात्या डोळे बारीक करून ते तीन तारे शोधत होते, तेवढ्यात खालच्या कलमांत काहीतरी खुडखुडलं. मी बॅटरी मारली. साळिंदर.