तुम्ही विचारलंत म्हणून: दयाळ सोडून टिटवी का?

"अंगणात दयाळ इतका गोड गातो, आणि तुम्ही रणरणत्या उन्हात माळावर टिटवीमागे काय फिरता?" दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच.

दयाळ मलाही आवडतो. मार्च लागला की पुरतं उजाडायच्या आत तो तारेवर येतो, काळीपांढरी शेपटी उभारतो आणि शीळ सुरू करतो. हे गाणं तो पिल्लू असल्यापासून ऐकून ऐकून शिकलेला असतो. बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. पण तो इतका निवांत गाऊ शकतो, कारण त्याचं घर लपलेलं असतं. झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात मादी अंडी उबवते. दोनेक आठवड्यांच्या आतच पिल्लं बाहेर येतात, आंधळी आणि उघडी. ढोली आहे म्हणून तेवढं चालतं.

टिटवीला ढोली कुठली? तिचं मागचं बोट नावापुरतंच, फांदी धरायच्या कामाचं नाही. उघड्या रानात एक उथळ खळगा, कडेला चार खडे, आणि मातीच्या रंगाची बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत केलेली. नर-मादी आळीपाळीने जवळजवळ महिनाभर बसतात. ऊन तापलं की पाण्यात पोट भिजवून येतात आणि अंड्यांना गारवा देतात. इतके दिवस लागतात, कारण पिल्लू तयार होऊनच निघतं: डोळे उघडे, अंगावर लव, आणि काही तासांत चालायला लागतं.

उघड्यावर संसार मांडलेल्या पाखराने ओरडायचं नाही तर काय करायचं? रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, असं माझी आजीसुद्धा म्हणायची. मला ते कधीच पटलं नाही. कुत्रं, कोल्हं, माणूस, जे कुणी अंड्यांच्या वाटेला येईल त्याच्यावर ती ओरडते. शिकून आलेलं नव्हे, उपजत.

एकदा पुरंदरच्या माळावर माझा पाय नकळत तिच्या हद्दीत पडला. ती डोक्यावरून झेपावली, मग पुढे जाऊन पंख मोडल्यासारखा ओढत चालू लागली, मला लांब नेण्यासाठी. तिच्या हाकेसरशी पिल्लं कुठेतरी ढेकळं होऊन बसली असणार. मी ती शोधायला वाकलो नाही. तिचा आवाज थांबेपर्यंत आल्या पावली मागे सरकत राहिलो.