चुंबळ

वारीला निघण्याआधी डोक्यावर न्यायचं तुळशीवृंदावन तोलायचं, हा आजीचा नेम. पितळ, माती, रोप सगळं धरून चार किलोच्या आत. बार्शीत पेठेतल्या भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवलं तर पावणेपाच भरलं. दुकानदार म्हणाला, "आजी असत्या तर इथंच माती उपसली असती." मग तिथंच उपसली. माती काठापासून दोन बोटं खाली हवी. पाणी मुक्कामाला पोचल्यावर, संध्याकाळी घालायचं. सकाळी घातलं तर तेवढं ओझं दिवसभर उगाच वाहायचं, आणि वर चिखल हिंदकळून मानेवर ओघळतो. मी आळंदीहून निघाले त्या सकाळी तांब्याभर घातलं होतं. पुण्यात शिरेपर्यंत पाठ मातकट.

वृंदावनाखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळीला नवं कापड चालत नाही. त्यात खळ असते, ते घसरतं. धुऊन धुऊन विरलेल्या सुती लुगड्याची दोन-अडीच हात पट्टी घ्यायची, पीळ द्यायचा, वेटोळं करून शेवट आत खोचायचा. गाठ मारायची नाही. ती टाळूला टोचते आणि दुपारी डोकं ठणकायला लागलं की आपण उन्हाला दोष देतो. वेटोळ्याचं भोक बुडाच्या कड्यापेक्षा जरा लहान असावं. सैल झालं की वृंदावन डुलतं, मग मान ते सावरत बसते आणि खांदे भरून येतात. आजी भोकात मनगट घालून बघायची. मनगट अडलं की चुंबळ बरोबर.

दिवे घाट एकादशीला आला. पुणे ते सासवड तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात उपास. साबुदाणा खाऊन घाट चढू नये, पोट जड होतं. राजगिऱ्याचे दोन लाडू आणि मूठभर शेंगदाणे-गूळ पुरतो. घाटात फोटो काढणाऱ्यांनी वाट अडवली होती. एकजण मला "मावशी, जरा हसा" म्हणाला. माऊली म्हणाला असता तर कदाचित हसलेही असते. जेजुरीला भंडारा उधळला, तो कानामागं तीन दिवस राहिला.

नीरेत पादुकांना स्नान झालं. गर्दीत आम्हीही पाय बुडवले आणि ओल्या पायांनीच चपला घातल्या. तिथंच चुकलं. ओली कातडी मऊ पडते, पट्ट्याखाली वाळू अडकते, मग प्रत्येक पावलाला तीच जागा घासते. लोणंदच्या वाटेवर तासाभरात उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. चपला नव्या होत्या, म्हणजे दुसरी चूक. आजी चैत्रापासून वारीच्या चपला घालून बाजाराला जायची. अंगठा, पट्टा, तळ सगळं पायासारखं झाल्याशिवाय आळंदी नाही.

बाभळीखाली एक चांभार बसले होते. पुढं गोणपाट, आरी, रापी, दोऱ्याचं रीळ, हातोडी. वारकऱ्यांच्या चपला शिवून द्यायच्या, पैसे घ्यायचे नाहीत, ही त्यांची सेवा. माझ्यापुढं सहाजण होते. नंबर आल्यावर त्यांनी आधी माझा पाय बघितला, मग चपलेच्या आतून बोट फिरवलं. शिवणीचा एक टाका वर आला होता. तो हातोडीनं ठोकून बसवला, पट्ट्याची कड रापीनं तासली, आतून मऊ कातड्याचा तुकडा चिकटवला. मी वाकून बघत होते. "उजेड सोडा, माऊली." मी सरकले. त्यांनी टाचेखालची वाळू फडक्यानं पुसली, चपला उलट्या करून आपटल्या आणि म्हणाले, "पाय वाळू द्या. मग घाला. लगेच घातल्या तर माझं काम वाया." वीस मिनिटं बसवून ठेवलं. दिंडी पुढं गेली, विणेकरी दिसेनासे झाले, मला राग येत होता. पाय वाळल्याची खात्री त्यांनी स्वतः करून घेतली आणि मगच "रामकृष्णहरी" म्हणाले.

फोडाचं आजीचं तंत्र असं: सुई दिव्यावर तापवायची, दोरा हळद-तेलात बुडवायचा, फोडाच्या कडेतून आरपार ओवायचा आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून दोरा आतच सोडायचा. पाणी दोऱ्यावाटे झिरपतं, कातडी फाटत नाही. मुक्कामावरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. दोरा आत ठेवला की त्याच वाटेनं जंतू शिरतात. फार दुखत असेल तर स्वच्छ सुईनं कडेला टोचावं, पाणी दाबून काढावं, वरची कातडी तशीच ठेवून मलमपट्टी करावी. मधुमेह असेल तर घरी टोचूच नये.

आजीला मधुमेह होता. शेवटच्या वारीत डाव्या करंगळीला दोरा ओवला होता तिनं. आषाढातली ती जखम कार्तिकीपर्यंत भरली नाही.

तरडगाव, फलटण, बरड. चांदोबाच्या लिंबापाशी रिंगणात अश्व धावले ते आवाजावरूनच कळलं, पुढं उंच माणसं होती. बायकांना पहाटे तीनला टँकरपाशी उभं राहावं लागतं. साडेतीनला गेलात तर बादली रिकामी. आमच्या दिंडीचा ट्रक रोज अर्धा कोस लांब लागायचा आणि रोज नवं कारण मिळायचं. मग मुक्कामावर सगळ्या दिंड्यांच्या समाजआरतीला चोपदारांनी दंड उंच केला की सगळे टाळ एकदम थांबायचे. ज्या दिंडीची तक्रार, तिचेच वाजत राहायचे. आम्ही कधी वाजवले नाहीत. मग हरवलं-सापडलं: चष्मा, काठी, एक आजोबा. आमची आजीही एकदा अशीच पुकारली गेली होती, वेळापूरला. ती हरवली नव्हती, दुसऱ्या दिंडीत हरिपाठाला बसली होती. तिथली चाल तिला आवडली होती.

कडक भाकरी मात्र तिच्या हिशेबानं नेल्या. ज्वारीच्या चाळीस, पातळ थापून तव्यावर भाजलेल्या, मग मंद आचेवर पाणी पार निघेपर्यंत वाळवलेल्या. सुती कापडात बांधायच्या. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतात आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. चटणीला अर्धा किलो भाजलेले शेंगदाणे, दोन गड्डे लसूण, चार चमचे तिखट, जिरं, मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सरमध्ये पीठ होतं. पाण्याचा हात लागू द्यायचा नाही.

पंढरीत आजी दर्शनाच्या रांगेत कधी उभी राहिली नाही. चंद्रभागा, नामदेव पायरी, कळस. द्वादशीला बार्शी गाठून भगवंताच्या देवळात जायचं आणि मग उपास सोडायचा. लहानपणी ती पंढरपूरहून बार्शीला छोट्या रेल्वेनं यायची, चढावर गाडी इतकी हळू की लोक उतरून चालायचे, असं सांगायची. मी एसटीनं आले. गाठोड्यात तीन भाकरी उरल्या होत्या, खुटखुटीत. चटणी नातेपुत्यालाच संपली होती, भिशीतल्या, म्हणजे दिंडीत एकत्र जेवणाऱ्या, बायकांनी मागून मागून खाल्ली. पुढच्या वर्षी शेंगदाणे पाऊण किलो घ्यायचे.