१२ जानेवारीची एक चौकट आणि दोन कॅलेंडरं

भिंतीवरच्या कॅलेंडरात १२ जानेवारीच्या चौकटीत दोन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात: राजमाता जिजाऊ जयंती आणि स्वामी विवेकानंद जयंती. शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, वाचनालयाच्या दिनविशेषातही हीच जोडी. पण ही दोन्ही '१२ जानेवारी' एकाच कॅलेंडरातल्या नाहीत. दिनविशेष लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

विवेकानंदांचा जन्म कोलकात्यात १२ जानेवारी १८६३ रोजी झाला. ही तारीख आज आपण वापरतो त्याच ग्रेगोरियन पद्धतीची, तिला हात लावायचं कारण नाही. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा, पौष पौर्णिमा, शके १५१९. या तिथीची १२ जानेवारी १५९८ ही तारीख येते ती जुन्या, ज्युलियन पद्धतीने. पोप ग्रेगरीने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरायला लावला, तरी इंग्रजांनी ती सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. शिवकाळाच्या तारखा आपल्याकडे त्याच जुन्या पद्धतीने रूढ झाल्या. नव्या पद्धतीने जिजाऊंचा जन्मदिवस २२ जानेवारी १५९८ येतो.

पडताळा घरबसल्या घेता येतो. ग्रेगोरियन कॅलेंडरात ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ४०० वर्षांनी तोच वार परत येतो. २२ जानेवारी १९९८ ला गुरुवार होता, म्हणजे १५९८ च्या २२ जानेवारीलाही गुरुवारच, आणि जुन्या पद्धतीच्या १२ जानेवारीचा वारही तोच. १२ जानेवारीच नवी तारीख समजून मोजलंत तर सोमवार येईल. चंद्र तर आणखी स्पष्ट बोलतो. त्या वर्षी पौर्णिमा नव्या पद्धतीच्या २२ तारखेच्या सुमारास पडते. नवी १२ तारीख धरली तर शुद्ध पंचमीच्या आसपासचा चंद्र येतो. पौर्णिमेला जन्मलेल्या व्यक्तीसाठी ती तारीख चालणारच नाही.

इथे हमखास चुकतं ते संगणकावर. जुनी तारीख बरीच ॲप सरळ नवी समजून तिथी काढतात. एक्सेल तर १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही. त्यामुळे शिवकाळासाठी आधी जंत्री (तिथी आणि तारखा जुळवून दाखवणारं कोष्टक) पाहावी आणि मग बेरीज करावी: जुन्या पद्धतीच्या फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंतच्या तारखेत १० दिवस, त्यानंतर १७५२ पर्यंत ११ दिवस. १९ फेब्रुवारी १६३० चा १ मार्च होतो, ६ जून १६७४ चा १६ जून.

शक काढतानाही जानेवारी फसवतो. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करायचे, १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. म्हणून १५९८ चा जानेवारी शके १५१९ मध्ये पडतो. सरसकट ७८ वजा केले की १५२० होतात आणि तीच चूक फलकावरून फलकावर उतरत जाते.

मूळ कागद वाचणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ मधली, पण तिथल्या वखारीच्या हिशेबाने तेव्हा १६६३ च चालू होतं. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी मात्र नवी पद्धत आधीच घेतली होती. त्यामुळे एकाच घटनेबद्दल इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत १० दिवसांचं अंतर दिसलं, तर लगेच एकाला खोटं ठरवू नये.

विवेकानंदांच्या जन्मदिवशी मकरसंक्रांत होती, तीही १२ जानेवारीला. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, म्हणून आज ती १४ किंवा १५ ला येते. हेच मागे नेलं की पानिपतची लढाई संक्रांतीला झाली हा गैरसमजही सुटतो. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत नव्हती, ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमी.

तिथीने पाहिलं तर या दोन जयंत्यांचं नातं वेगळंच दिसतं. जिजाऊंची पौष पौर्णिमा, विवेकानंदांची पौष वद्य सप्तमी. म्हणजे दोन्ही एकाच महिन्यात, साधारण आठवड्याच्या अंतराने. रामकृष्ण मठात विवेकानंदांची जयंती तिथीनेच होते. १२ जानेवारी हा राष्ट्रीय युवा दिन म्हणून १९८५ पासून पाळला जातो.

म्हणून १२ जानेवारी सोडायची का? मुळीच नाही. सिंदखेडराजाला दरवर्षी त्याच दिवशी लोक लोटतात, आणि इतक्या लोकांनी मनापासून धरलेला दिवस गणिताने हलवायचा नसतो. पण फलकावर नुसती तारीख लिहून थांबू नये. जिजाऊंच्या नावाखाली 'पौष पौर्णिमा, शके १५१९. १२ जानेवारी १५९८ (जुनी पद्धत)' एवढी एक ओळ पुरते. कितवी जयंती हे लिहिताना चालू सालातून जन्मसाल वजा करावं, त्यात एक मिळवू नये. पहिली जयंती जन्मानंतर वर्षाने येते. २०२६ मध्ये विवेकानंदांची १६३ वी, जिजाऊंची ४२८ वी.